चिठ्ठी न देणाऱ्या मॅडम

समोरचा माणूस खुर्चीत टेकला की मॅडम आपला मोबाइल बंद करायच्या, पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायच्या आणि वरून झाकण दाबायच्या. झाकणाला पोचा पडलेला होता. एका बाजूनं बसलं की दुसऱ्या बाजूनं उठायचं. ते नीट बसेपर्यंत त्या अजिबात घाई करायच्या नाहीत. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणायच्या, "सांगा. मी ऐकून राह्यली."

झालं. एवढ्यावर या बाईंचा व्यवसाय चालायचा. आणि तोही लोणारात, जिथं ऐकायला कोणाला सवड नाही आणि सांगायला सगळे मोकळे आहेत. तुमचं गाव फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मला हे माहीत, कारण ती खोली माझी. स्टँडच्या रस्त्यावर खाली माझं मेडिकल, वर ही खोली, बाहेरून जिना. खोली मी डॉक्टरसाठी राखून ठेवली होती. वर डॉक्टर असला की पेशंट जिना उतरून आपोआप खालच्या काउंटरला लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून "मनाच्या डॉक्टर आहेत, पुण्याला शिकून आल्यात" असं कानावर आलं तेव्हा मी भाड्याची घासाघीससुद्धा केली नाही. एजंटाला विचारून त्या आजारांची औषधं मागवली, एक कप्पा रिकामा करून त्यात लावली आणि चिठ्ठ्यांची वाट बघत बसलो.

माणसं यायची. जिना चढायची, तासाभरानं उतरायची आणि माझ्याकडे न बघता स्टँडकडे चालू लागायची. हातात चिठ्ठी म्हणून नाही. काही जण डोळे पुसत उतरायचे, म्हणजे आजार तर होता. शेवटी मीच वर गेलो.

"मॅडम, तुमच्या पेशंटले कोनतं औषध लागते ते सांगून ठेवा. मी मागवतो."

"भाऊ, मी औषध देत नाही."

"मंग काय देता?"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "खुर्ची."

ज्याला औषधाची गरज आहे असं वाटायचं त्याला त्या बुलडाण्याच्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. तिथली चिठ्ठी, तिथलंच दुकान. त्या कप्प्यात मी पुढं लहान मुलांचे डायपर लावले.

बाई पन्नाशीच्या. बुटक्या, सुती साडी, जाड चष्मा. माहेर म्हणा, घर म्हणा, पिंपळगाव राजाकडचं, शेतकऱ्याचं. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हे मी पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं होतं, त्यावर त्यांनी "हं" एवढंच म्हटलं होतं. सोबत म्हातारी आई, आणि सरोवराजवळच्या झऱ्याकडं, धारेच्या रस्त्याला भाड्याचं घर. लोकांची एक मोठी निराशा अशी झाली की पुण्याला शिकूनही त्या आपल्यासारख्याच बोलायच्या. "काऊन", "कायले", "येऊन राह्यली". आमचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "भाऊ, हे तं माह्या मावशीसारखी बोलते. मंग शिकली काय?"

खोलीत दोनच खुर्च्या, त्याही सारख्या. टेबल नाही. टेबल नसलेला डॉक्टर तुम्ही कधी पाहिलाय? मी माझं जुनं टेबल वर पाठवतो म्हणालो, तर म्हणाल्या, "नको भाऊ, मधात येते." बरं, आलेल्या माणसानं कोणत्या खुर्चीत बसायचं हेही सांगायच्या नाहीत. माणूस बिचारा उभा. "मॅडमची कोनती?" "तुम्ही बसान ते तुमची." यातच कितीतरी वेळ जायचा.

आपल्याकडे एकटा माणूस दवाखान्यात जात नाही. एकदा जवळच्या एका गावाहून गाडी आली. सुनेला आणलं होतं. ती घरात बोलेनाशी झाली होती. सोबत सासरा, सासू, नवरा, नवऱ्याचे मामा आणि कशाला ते कळलं नाही, पण एक शेजारीही. सगळे वर चढले. सासरा जमीनदार माणूस, आवाज खालपर्यंत आला. "मॅडम, हिले जरा समजावून सांगा. काही कमी नाही घरात."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खाली बसा."

झाली ना पंचाईत. सगळी वरात माझ्या दुकानापुढच्या बाकावर. आता आलेल्या माणसांना नुसतं बसवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी सासऱ्याचं बीपी पाहिलं, सासूला मीठ कमी करायला सांगितलं, नवऱ्याला म्हटलं बायकोला महिन्यातून एकदा तरी बाहेर न्यावं. मामांनी मला सांगितलं की मूळ कारण मोबाइल आहे. शेजाऱ्यानं मामांना सांगितलं की कारण वास्तूत आहे. खाली असा कल्लोळ, आणि वर शुकशुकाट.

सून उतरली. सासऱ्यानं लगेच विचारलं, "काय सांगतलं मॅडमनं?"

"काही नाही."

"मंग एवढा येळ काय केलं?"

"मीच बोलली."

सासरा माझ्याकडे वळला. "आता सांगा भाऊ, बोलाचंच होतं तं घरी नसतं का बोलता आलं?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत ते पावसापाण्यावर गेले.

एक निवृत्त हेडमास्तर होते. दर आठवड्याला यायचे. "मला उपाय सांगा" हा त्यांचा हट्ट. मॅडम विचारायच्या, "तुम्हाले काय वाटते?" हेडमास्तर तावातावानं खाली यायचे आणि माझ्यासमोर फणफणायचे, "मलाच कळत असतं तर मी जिना कशाला चढलो असतो? ही बाई थोतांड आहे." एवढं म्हणून परत वर जायचे आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन यायचे.

मी हे सगळं मजेत बघत होतो. मग आमची आई गेली.

आईवडील सुलतानपूरला राहायचे. शेत तिथं, घर तिथं. आई गेली आणि तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं राहिलं. येईल तो आबांसमोर बसायचा आणि सांगायचा. "भाग्याची होती, सवाष्ण गेली." "तुम्हीच असे बसले तं पोरायनं कोनाकडं पाहावं?" "जाऊ द्या आबा, आता आठवून काय होते?" आबा सगळ्यांना "हाव" म्हणायचे. मधूनच ते सुरू करायचे, "त्या दिवशी सकाळी तिनं चुलीवर पानी ठेवलं, अन् मले म्हने..." की कोणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "नका आठवू." बहुतेक वेळा तो हात माझाच असायचा. बापाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं की दुसरं काय करतात, मला माहीत नाही.

पाहुणे गेले. आबा जेवेनात. शेजारची बाई डबा द्यायची, डबा तसाच परत. त्यांचा सदरा दांडीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मी म्हटलं, लोणारला चला. बायकोनं म्हटलं. मामा येऊन बोलून गेले. आबा "हाव" म्हणायचे आणि पिशवी भरायला घेतली की खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला भीती एकच होती, ती सरळ सांगून टाकतो. बाप एक दिवस त्या घरात मरून पडेल आणि आपल्याला ते शेजाऱ्यांच्या फोनवरून कळेल. औषधं विकून विकून एवढं कळायला लागलेलं असतं की न जेवणारा म्हातारा फार दिवस काढत नाही.

मी वर गेलो. "मॅडम, आमच्या आबांले तुम्हीच समजावून सांगा. इकडं राहाले या म्हना."

"भाऊ, मी कोनालेच समजावत नाही."

"मी काय परका हाव का? खोलीचा मालक म्हून सांगून राह्यलो."

"हं."

"बरं, घेऊन येऊ का?"

"त्यायले यायचं असन तं येऊ द्या."

"अन् नाही म्हनले तं?"

"तं नाही."

असल्या बोलण्यानं कामं होत नाहीत. मी आबांना सांगितलं की वरती बीपी तपासायची नवीन मशीन आलीय, आणि त्यांना हाताला धरून जिना चढवला. दार लावून खाली आलो आणि पंखा बंद करून कान वर लावले. दोन वाक्यं ऐकू आली. "बाबा, मी बीपी पाहत नाही. तुम्हाले माह्याशी बोलायचं असन तं बसा, नाही तं जा." पाठोपाठ आबांच्या वहाणा जिन्यावर. खाली आले, माझ्याकडे बघितलं, काउंटरवरच्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि मेहकरच्या गाडीत बसून सुलतानपूरला निघून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. मॅडमशी मी चार दिवस बोललो नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी काउंटरवर होतो. आबा स्टँडकडून चालत आले. धुतलेला सदरा, टोपी. मला वाटलं माझ्याकडे येतायत. मी स्टूल पुढं केलं. ते दुकानासमोरून सरळ जिन्याकडे गेले, कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि दार लागल्याचा आवाज आला.

मग ते दर बाजाराला यायला लागले. मी पंखा बंद करून ऐकायचो. गिऱ्हाईकं म्हणायची, लाइट गेली का? मी म्हणायचो, हो. वरून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. सुरुवातीला तर मला शंका आली की दोघं नुसतीच बसून असतात. तसंही असेल. मधूनच मॅडमचं "हं. मंग?" तेवढं यायचं.

आणि एके दिवशी वरून हसणं ऐकू आलं. आबांचं. मी खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आई गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता, आणि हसला तर माझ्या खोलीत, मी सोडून दुसऱ्याच कोणासमोर. खरं सांगतो, मला आनंद झाला आणि त्याच्या जोडीला रागही आला.

संध्याकाळी मॅडम कुलूप लावून उतरल्या तेव्हा मी गाठलंच. "आबा काय बोलतात हो?"

"ते त्यायलेच इचारा."

"ते मले काही सांगत नाहीत."

"तुम्ही इचारता का?"

"म्हणजे काय? रोज फोन करतो. जेवले का, गोळी घेतली का, लोणारले कधी येता, सगळं इचारतो."

"हं," मॅडम म्हणाल्या, आणि डबा पिशवीत घालून घरी गेल्या.

आबा जेवायला लागले होते, हे मात्र खरं. शेजारचा डबा बंद करून स्वतः पिठलं टाकायला लागले. सदरा पुन्हा अंगासारखा दिसायला लागला. मी मनाशी धरून चाललो होतो की आता ते इकडं येणार. मागच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंगही टाकला. एका बाजाराला ते वरून उतरले, पहिल्यांदाच स्वतःहून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी काही येत नाही बावा लोणारले. मी तिथंच राह्यतो."

"काऊन? काय कमी हाय इथं?"

"काहीच कमी नाही. पन तुह्या मायचं नाव काढलं का तुही बायको टीव्ही लावते, अन् तू बीपीची गोई काढतो. तिथं मी भिंतीसंगं बोलतो. भिंत मधात बोलत नाही." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

मी तसाच वर गेलो. मॅडम खुर्च्या पुसत होत्या.

"तुम्ही त्यायले तिथंच राहा म्हून सांगतलं?"

"नाही."

"इकडं या म्हून सांगतलं?"

"नाही."

"मंग इतके महिने केलं काय तुम्ही?"

"ऐकलं."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो की मला ही खोली पाहिजे, दुसरी जागा बघा. त्या म्हणाल्या, "बरं भाऊ. कवा लागते?" यावर भांडण पुढं कसं न्यायचं ते मला सुचेना, आणि जे बोलायचं नव्हतं तेच तोंडून गेलं. "ते तिथं एकटे मेले तं? मी काय करू मंग?"

मॅडमनी फडकं बाजूला ठेवलं. पिशवीतून डबा काढला. मोबाइल बंद केला, आत ठेवला, झाकण एकीकडून दाबलं, दुसरीकडून दाबलं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा भाऊ. सांगा. मी ऐकून राह्यली."

"दुकान उघडं हाय," असं म्हणून मी खाली आलो. खोली काही खाली करून घेतली नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही, आणि नंतर कितीतरी वेळा जिन्यावर भेट झाली की त्या जरा थांबायच्या आणि मी घाईत असल्यासारखा दुकानात शिरायचो.

मॅडम गेल्या त्याही कोणाला काही न सांगता. सकाळी आईनं चहाला हाक मारली, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला वाटलं, एवढं मोठं हृदय असलेल्या माणसाचं ते बंद कसं पडतं, पण मी औषधाच्या धंद्यात आहे आणि ते कसं बंद पडतं ते मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी मी धारेच्या रस्त्याला त्यांच्या घरी गेलो. खोली गच्च. ज्यांचं ज्यांचं मॅडमनी इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं ती सगळी मंडळी तिथं जमली होती, आणि सगळी बोलत होती. ती सून आली होती, या वेळी एकटीच, गाडी न घेता एसटीनं. हेडमास्तर मॅडमच्या आईला समजावून सांगत होते की जन्म आणि मरण आपल्या हातात नसतं. एक बाई म्हणत होती, "रडू नका काकू, पोरीच्या जिवाले तरास होते." म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मधूनच ती तोंड उघडायची, "काल सांजच्याले... नाही, परवा... मले म्हने..." की चहूकडून "नका आठवू काकू" सुरू व्हायचं. मीही गेलो तो बीपीच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊनच. तिच्याजवळ सतरंजीवर टेकत म्हटलं, "काकू, गोळी घेतली का?"

तेवढ्यात आबा आले. सुलतानपूरहून, सकाळच्या गाडीनं. दारात वहाणा काढल्या, माणसांतून वाट काढत आत आले आणि सतरंजीवर म्हातारीच्या बरोबर समोर बसले. खिशातून आपला बटनांचा फोन काढला. तो बंद कसा करतात हे त्यांना नीट ठाऊक नाही. एक बटन दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत धरून ठेवलं. मग इकडं तिकडं बघितलं. तिथं डबा नव्हता. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, फोन सतरंजीवर ठेवला आणि टोपी त्याच्यावर उपडी घातली. एका बाजूनं फोन दिसत होता, तो त्यांनी पुन्हा नीट झाकला. खोलीतले लोक बोलायचे थांबले ते म्हातारबा हे काय करतायत ते बघायला.

"बाई," आबा म्हणाले, "सांजच्याले काय म्हने पोरगी? सांगा. मी ऐकून राह्यलो."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "काही नाही जी. म्हने, माय, उद्या भाकरी कर. पोया खाऊन खाऊन कंटाया आला." थोडं थांबून तिनं पदरानं नाक पुसलं. "लहानपनी लय बोले. इतकी बोले, का मास्तरनं तिले वर्गाच्या दारात बसवलं होतं. घरी आली तं मले म्हने, माय, मले बोलू देत नाहीत..."

इथं तिचा आवाज फुटला. तिचे डोळे भरून आले आणि माझं तोंड आपोआप उघडलं, "नका आठ..." एवढं आलंही बाहेर. आबांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्यांनी फक्त आपला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला, आणि तो तिथंच राहू दिला.

"हं," ते म्हातारीला म्हणाले. "मंग?"